धाकट्याच्या गोळ्या

माझ्या धाकट्याला एक वाईट खोड आहे. समोरच्यानं आई गं म्हणायच्या आत हा गोळी काढतो. औषधांचं दुकान काय टाकलं, अख्ख्या घराला गिऱ्हाईक समजायला लागला. त्याची बायको शिंकली, घे गोळी. मी नुसता कपाळाला हात लावला, घे गोळी. अरे, मी विचार करत होते! पण ऐकून घेईल तर शपथ.

माझ्या पायाचं जे झालं ते त्याच्यामुळेच झालं, असं मी म्हणत नाही. निम्मं म्हणते.

गुडघा बदलल्यावर दोन वर्षं मी घरभर सगळ्यांच्या पुढे चालत होते. मग तो अधूनमधून गरम व्हायला लागला, सुजायला लागला. धाकटा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणायचा, सूज उतरायची. थोडे दिवस गेले की पुन्हा तेच.

"डॉक्टरकडे कशाला, आई? तासन्तास बसवून ठेवणार आणि शेवटी गोळ्याच देणार."

मला तरी कुठे हौस होती! शेवटी जुन्या टाक्यांच्या रेघेवर फोड आला, फुटला आणि वाहायचा थांबेना. तेव्हा सुनेनं नवऱ्याला न विचारता गाडी बोलावली. कधी नव्हे ते मला तिचं कौतुक वाटलं.

हाडांचा डॉक्टर वयानं लहान, पण बोलायला सरळ. "आजी," म्हणाला.

"आजी तुमच्या घरी. इथं बाई म्हणा."

तो हसला. एक्स-रे उजेडावर लावून म्हणाला, "बाई, सांध्यात जंतू शिरलेत. गोळ्यांनी ते मरत नव्हते, नुसते दबून बसत होते. आत बसून त्यांनी हाड खाल्लंय."

धातूभोवती पांढरं दिसायला हवं, तिथं काळं होतं. हललेल्या दातासारखा सांधा नुसता अडकून राहिला होता.

"आधी हा काढायचा," डॉक्टर म्हणाला. "सडलेलं सगळं खरवडायचं आणि मध्ये औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. जंतू गेल्याची खात्री झाली की दुसरं ऑपरेशन, नवा सांधा. हाड जिथं उरलंच नाही, तिथं धातूचे शंकू बसवून पोकळी भरायची."

"आणि जंतू नाहीच गेले तर?"

त्यानं नजर चुकवली नाही. "तर पाय मांडीपासून काढायची वेळ येऊ शकते."

दुकान टाकून मागाहून आलेला धाकटा खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळला.

सिमेंटमध्ये कुठलं औषध घालायचं, ते जंतू कुठला यावर होतं. त्यासाठी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून तपासायचं, आणि त्याआधी दोन आठवडे जंतू मारायची एकही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही. गेली तर जंतू लपणार, तपासणीत काही उगवणार नाही, आणि डॉक्टर अंधारात चाचपडणार.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. गुडघा आतून शिजत होता. चादर बदलताना लागली तरी जीव जायचा. मी कण्हत होते. मुकाट्यानं सोसणाऱ्यांतली मी नव्हेच. धाकटा दुकानातून आला की दारात उभा राहायचा, आत येत नव्हता. ताट तसंच सारून उठायचा.

एका सकाळी माझ्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर हातावर दुसरी आली, पांढरी, लांबट.

"ही कसली?"

"ताकदीची आहे, आई. नवीन आलीय," तो भिंतीला सांगत होता.

जंतूंवरची तीच जुनी गोळी, आजवर त्यानंच चारलेली. तिचा कडूपणा माझी जीभ झोपेतही ओळखेल. गालात दाबली, पाणी प्याले आणि म्हटलं, "गेली." त्याचे खांदे खाली आले. त्या दिवशी तो पोटभर जेवला. रोजची गोळी मी रुमालात बांधत गेले आणि रोज तो जेवत गेला.

पाणी तपासलं, जंतू उगवला. डॉक्टर खूश. "बाई, गोळ्या बंद ठेवल्यात ते फार बरं केलंत. याच्यावर नेमकं औषध आहे."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग पहिलं ऑपरेशन झालं. ठोकळा घालून पाय फळीसारखा ताठ, हाताला सलाईनची सुई, कितीतरी दिवस. रक्ताची तपासणी चांगली आल्यावर दुसरं. आता पाय जड लागतो, पण माझा आहे. खुर्चीत बसण्यापुरता वाकतो. जमिनीवर नाही बसायचं, तर नाही बसणार.

या सगळ्यात धाकटा त्या गोळ्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही. पण सून सांगायची, दुकानात डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय आता पाकिटाला कात्री लावत नाही.

वॉकर घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडले ती थेट त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं धावत खुर्ची आणली. बसले, श्वास घेतला आणि काउंटरवर रुमाल सोडला. गोळ्या पिवळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

त्यानं चष्मा काढला. "तुझं कण्हणं ऐकवत नव्हतं गं, आई. तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू जेवावंस म्हणून."

तो गोळ्या गोळा करायला लागला. मी त्याच्या हातावर हात दाबून धरला.

"ऐक. औषधाचं डॉक्टर बघेल. तू मुलगा आहेस, मुलासारखा वाग. पुन्हा कधी दुखलं तर रिकाम्या हातानं ये आणि शेजारी बस. दारात उभा राहू नकोस. आणि मला कण्हू दे मेल्या, तोंड बंद करू नकोस माझं."