डब्याचा टाका

महिपतीने डब्यातल्या वाती, कापूर, कुंकवाची पुडी पाटावर काढली, पुन्हा आत ठेवली आणि डबा खिडकीच्या उजेडात धरला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"अरं, काय शोधतोस त्यात?" ओटीवरून बापाने, कुशाबाने, हाक दिली. "शिमग्याला आलास, उद्या पालखी दारात येनार, नि तुला एका जागी बसवत नाय. बायको काय म्हनते?"

"ती कुठं बोलतेय, बा!"

"नाव मैना, नि तुळशीला पानी घालेपातूर तोंड बंद!"

घागर घासता घासता मैना हसली; नेम मात्र मोडला नाही.

महिपती तिच्यासमोर उकिडवा बसला. मुंबईच्या कारखान्यात तो बसच्या दारांचे पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे जोडायचा. दोन पत्रे यंत्राच्या तोंडात धरायचे, पायाने दाबायचं, विजेचा टाका बसायचा. आधी पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा, नाहीतर टाका कच्चा राहतो, हा नियम. रजेवर निघायच्या दिवशी गाडी गाठायच्या घाईत शेवटचे पत्रे त्याने न घासताच जोडले होते. मैनेचा डबाही त्याच पत्र्याच्या उरल्या तुकड्यांचा, तसाच न घासता जोडलेला.

"पकडीनं उचकटला की कळंल," तो हळू म्हणाला. "पत्रा फाटून भोक पडलं, तर टाका पक्का. भोक न पडता सुटला, तर कच्चा. दारं अजून चार दिस रंगाला असतील. तवर जाऊन मिस्त्रीला सांगाया हवं. नायतर कशेडी घाटाच्या वळनावर कुनी दाराला टेकला तर..." त्याने मागे ओटीकडे पाहिलं. "पन सांगितलं तर माझं काम जाईल गो."

मैनेने हात पुसले. वाती, कापूर, कुंकू देवळीत ठेवलं आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला.

तो पक्कड घेऊन मागीलदारी गेला. पत्रा करकरला. परत आला तो मोठ्याने बोलतच.

"पक्का हाय! पार फाटला!"

"देवानं राखलं," कुशाबा म्हणाला. डबा का फाडला, हे त्याने विचारलं नाही. "आता खांदा दे पालखीला."

मैना तांब्या घेऊन मागीलदारी गेली. तुळशीमागे पत्र्याचे तुकडे टाकलेले होते. तिने एकेक उचलून उन्हासमोर धरला. एकातूनही आभाळ दिसलं नाही.

तुळशीला पाणी घालून ती आत आली. नेम सुटला होता. चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली, गाठोडं महिपतीच्या वहाणांशेजारी ठेवलं. मग महिपतीने पालखीपुढे वाढवायचा म्हणून काढलेला नारळ उचलून सासऱ्यापुढे धरला.

"मामंजी," ती म्हणाली, "उद्या तुमीच वाढवा."