कॉमनमधलं कॅलेंडर

पडद्यावरच्या बटणाला चार कडा असतात. वरची आणि डावी उजळ ठेवायची, खालची आणि उजवी गडद. एवढ्यावर माणसाच्या डोळ्याला ते उचललेलं दिसतं. दाबलं की उलट करायचं.

१९०० सालच्या फेब्रुवारीत अठ्ठावीसच दिवस होते.

"अक्का, स्वल्प सरका की. खुर्ची अडकतेय."

जयनगर चौथ्या ब्लॉकमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला खिळा. खिळ्याला सुतळी, सुतळीला लांबट वही, वहीला पेन. पेन तीनदा चोरीला गेलं. वही कधीच नाही.

व्हाइटफील्डच्या नव्या ऑफिसात जायच्या खोक्यांवर आधीच नंबर पडले होते. खोकी अजून रिकामी होती.

हे सगळं पद्मावतीच्या टेबलाच्या आसपासचं. सरका म्हणणारा शुभंकर तिच्या शेजारी बसायचा.

पद्मावती अडतीस वर्षांची. तिच्या घरचे लोक तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आले आणि राहिले, त्यामुळे तिची मराठी घरातली, तिच्यात कन्नड मिसळलेलं. अकरा वर्षं तिने एका कारखान्यात गोदामाचे प्रोग्राम लिहिले. मग या कंपनीत आली. इथे परदेशी गिऱ्हाइकांसाठी ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर करत. तेव्हा पाच प्रोजेक्ट होते, पाच टीम. पहिल्याच महिन्यात तिला दिसलं, की तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर पाचही टीमनी आपापलं लिहिलंय. एकाचा आठवडा रविवारी सुरू होत होता, दुसऱ्याचा सोमवारी, तिसऱ्याचं एका ब्राउझरमध्ये उघडतच नव्हतं.

तिने एकच लिहिलं, सगळ्यांना चालेल असं. मग बटण. मग ओळी वरखाली लावता येणारं टेबल. मग ड्रॉपडाऊन. सर्व्हरवर फोल्डर उघडला आणि नाव दिलं कॉमन.

फोल्डरला कुलूप नव्हतं, नियम होता. कॉपी खुशाल न्या, नेल्याचं वहीत लिहा. आपल्या कॉपीत हात घालू नका. चूक दिसली तर तीही वहीत लिहा. पद्मावती मूळ दुरुस्त करणार, वहीत नावं बघणार आणि ज्यांनी नेलंय त्या प्रत्येकाच्या टेबलाशी फ्लॉपी घेऊन जाणार. लोक हसायचे. "पोलिओचा डोस आला," म्हणायचे. पण मशीन मोकळं करून द्यायचे.

आणखी एक सवय तिची स्वतःची, जी तिने शुभंकरलाही लावली: फाइल बदलली की डोक्यावर तारीख आणि नाव टाकायचं. तो सत्त्याण्णव साली पुण्याहून आला तेव्हा त्याला पडद्यावरच्या टेबलात टेबल कसं बसवतात हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांत तो तिच्याइतकं भराभर लिहायला लागला. रविवारी तिच्या घरी जेवायला यायचा.

*

१९९९. जुलै. शुक्रवार, तेवीस तारीख.

त्या दिवशी ठरायचं होतं: व्हाइटफील्डला गेल्यावर कॉमन सगळ्या प्रोजेक्टना सक्तीचं करायचं का. केलं तर पद्मावतीला तीन माणसं मिळणार होती आणि कॉमन तिच्या हाताखालचं रीतसर खातं होणार होतं. दोन वर्षं ती हे आपलं प्रोजेक्ट सांभाळून, उरल्या वेळात करत होती. मानसिंगने, म्हणजे त्यांच्या मॅनेजरने, तोंडी हो म्हटलं होतं. "फ्रायडेला फक्त दाखवायचं, आयतु," म्हणाला होता. झालंच म्हणून समज.

शुभंकर बुधवारी म्हणाला होता, "अक्का, स्लाइड्स मी करतो. तुम्ही बोला फक्त."

ती बोलली. वीस मिनिटं. बटण, टेबल, ड्रॉपडाऊन, कॅलेंडर. किती टीमनी नेलं, किती चुका सापडल्या, किती दिवसांत सुटल्या. वही तिने हातात आणली होती, सुतळीसकट.

मग शुभंकर उभा राहिला.

"सर, एक छोटी गोष्ट. ॲक्च्युअली छोटी नाहीये." त्याने कॉमनमधलं कॅलेंडर उघडलं आणि पुढचे महिने दाबत गेला. ऑगस्ट, सप्टेंबर. जानेवारी २००० आलं तेव्हा टेबलाभोवतीचे लोक जरा पुढे झुकले, कारण त्या वर्षी सगळं जग एक जानेवारी तपासत होतं. जानेवारी ठीक होता. त्याने आणखी एकदा दाबलं.

फेब्रुवारी २०००. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मग रिकामे चौकोन.

"लीप इयर आहे ना हे?" कोणीतरी विचारलं.

"आहे," शुभंकर म्हणाला. "आणि हे सात प्रोजेक्ट्समध्ये गेलंय. स्मिताच्या टीमच्या हॉस्पिटल प्रोजेक्टमध्ये, अपॉइंटमेंट्समध्येसुद्धा. कॉमनचा हाच प्रॉब्लेम आहे सर. एकाची चूक सगळ्यांच्या घरात." मग त्याने दुसरं कॅलेंडर उघडलं. त्यात एकोणतीस तारीख होती, मंगळवारच्या खाली. "हे आमच्या टीमचं. मी याच्यावर एक पूर्ण लायब्ररी प्लॅन केलीय."

मंगळवारच्या खाली. पद्मावती तेवढंच बघत राहिली.

चूक कशी झाली हे तिला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. चाराने भाग गेला की लीप वर्ष, एवढंच बहुतेक लोक लिहितात. पण शंभराने भाग जात असेल तर ते लीप वर्ष नाही, हे तिला माहीत होतं आणि ती अट घातल्याचा तिला अभिमान होता. चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप वर्ष, हे माहीत नव्हतं. तिला थोडं कमी माहीत असतं तर कॅलेंडर बरोबर आलं असतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

मानसिंगने पेनाचं टोपण काढलं, लावलं. बाहेर आल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "पद्मा, बेजार होऊ नको. लायब्ररी तो बघेल. तू त्याचं डॉक्युमेंटेशन कर. तुझ्यासारखं लिहिणारं दुसरं कोण आहे आपल्यात?"

"सरी, बरं," ती म्हणाली.

*

त्याने दुरुस्ती कशी केली ते तिला बघायचं होतं. त्यात काही संशय नव्हता, नुसती कामाची सवय. दुपारी तिने त्याची फाइल उघडली.

फाइल तिचीच होती. तिच्याच दोन दोन जागा सोडून लिहिलेल्या ओळी, तिने आठवड्याच्या दिवसांना दिलेली नावं, अगदी खाली तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीप: हे नंतर सोपं करायचं आहे. डोक्यावरचं तिचं नाव तेवढं नव्हतं. त्याच्या जागी:

बदल: १२ एप्रिल १९९९. शुभंकर. फेब्रुवारी २०००.

ती तारीख तिने तीनदा वाचली. एप्रिल. आता जुलै संपत आला होता. नाव पुसताना त्याने डोक्यावरचं तिचं सगळं पुसलं होतं, पण बदलाची तारीख टाकायला तो विसरला नव्हता. ती सवय पक्की बसली होती.

मग तिने वही उघडली.

१२ एप्रिल, १३ एप्रिल. काही नाही.

२० एप्रिल. शुभंकर. ड्रॉपडाऊनचा बाण एक पिक्सेल डावीकडे वाटतो, अक्का बघता का? (बघितलं. दुरुस्त. प.)

१९ मे. स्मिता. कॅलेंडर नेलं, हॉस्पिटलसाठी.

२ जून. कॅलेंडर नेलं.

२९ जून. कॅलेंडर नेलं.

७ जुलै. कॅलेंडर नेलं. खाली शुभंकरचं अक्षर: मस्त चाललंय अक्का, अजून एक टीम!

सातपैकी चार टीमनी ते त्या बारा एप्रिलनंतर नेलं होतं.

*

रविवारी अंबूबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, तीन ताटं घेतली.

"तो यायचा नाही, आई."

"का? गावाला गेला की काय?"

"नाही. इथेच आहे."

"मग? मी त्याच्यासाठी म्हणून हुळीच्या आमटीत तिखट कमी घातलं. तुझ्या तोंडाला ते पाणी वाटणार आता." अंबूबाईंनी तिसरं ताट पुसून परत ठेवलं. "भांडलात?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं."

जेवण झाल्यावर ती कागद घेऊन बसली. सोमवारी काय बोलायचं ते लिहायला.

पहिली प्रत. शुभंकर, चूक माझी होती हे मी सगळ्यांसमोर मान्य केलं. पण तुला ती एप्रिलपासून माहीत होती हे तू मान्य करायला हवं होतंस. तू माझ्या शेजारी बसतोस. नियमाप्रमाणे...

दुसरी प्रत. शुभंकर, तुला लायब्ररी हवी होती तर मागायची. मी दिली असती.

(हे खरं आहे का? नाही. दिली नसती. खोडलं.)

तिसरी प्रत. शुभंकर, का?

*

सोमवारी दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, टेबलाशी तिने तिसरी प्रत वापरली.

शुभंकरने कॉफीचा पेला खाली ठेवला. तो नाही म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"अक्का, मी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"दुरुस्त केलं असतं."

"किती वेळात?"

"एक ओळ आहे. दहा मिनिटं."

"आणि संध्याकाळपर्यंत फ्लॉपी घेऊन सगळीकडे. वहीत लिहिलं असतं, शुभंकरने चूक पकडली, थँक्स, प." तो जरा हसला. "मग माझ्याकडे दाखवायला काय राहिलं असतं?"

शेजारच्या टेबलावर एक माणूस इडलीवर जास्तीची चटणी मागत होता.

"दोन वर्षं मी पद्माक्काचा असिस्टंट आहे," शुभंकर म्हणाला. "स्मिता काय म्हणते माहितीये मला? अक्कांचं शेपूट. जोकमध्ये म्हणते, ओके. पण म्हणते. कॉमनमध्ये माझं किती आहे? टेबलचं सॉर्टिंग अर्धं माझं आहे. नाव कोणाचं आहे वर?"

"तुझंही आहे. दुसऱ्या ओळीत."

"दुसऱ्या ओळीत. बरोबर."

"ते मला सांगायचंस," ती म्हणाली. "ती चूक माझ्यापासून लपवायची ठीक. स्मितापासून का? तिने मे महिन्यात नेलं. ती तुझ्याबरोबर रोज चहा पिते. तिच्या लोकांनी ते तिकडे हॉस्पिटलात चालूसुद्धा केलं. तिकडचा पेशंट वेळ घ्यायला बसेल आणि त्याला तो दिवसच दिसणार नाही."

"फेब्रुवारीला अजून सात महिने आहेत अक्का. मी त्याच्याआधी सांगणारच होतो. फ्रायडेला सांगितलं की."

"चार टीमना घेऊ दिलंस."

"सात झाल्यावर जास्त..." तो थांबला. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. तीन प्रोजेक्टमध्ये चूक असणं आणि सात प्रोजेक्टमध्ये असणं यातला फरक बैठकीत सगळ्यांनी पाहिला होता.

"कॉफी निवतेय तुझी," पद्मावती म्हणाली आणि निघाली.

*

तिने एक ओळ लिहिली. डोक्यावर तारीख टाकली, नाव टाकलं. सात फ्लॉप्यांवर कॉपी केली आणि वही काखेत घेऊन दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली.

"आता कशाला, पद्माक्का?" पहिल्या टीममधला मुलगा म्हणाला. "पुढच्या महिन्यात सगळं शुभंकरच्या लायब्ररीवरच जायचंय ना?"

"पुढच्या महिन्यात जा. आज ऊठ."

तो उठला.

दुसऱ्या टीमचं मशीन फ्लॉपी वाचेना, तिने दुसरी घातली. तिसऱ्या टीमने कॉपीत हात घालून आठवड्याचे वार लाल केले होते. तिने ते लाल तसेच ठेवले आणि फक्त आपली ओळ बसवली. प्रत्येकाकडे ती फेब्रुवारी २००० पर्यंत दाबत जायची, एकोणतीस आलेली दाखवायची, वही पुढे करायची. बघितलं, असं लिहून सही.

स्मिता शेवटी.

"तुम्ही कशाला आलात? त्याला पाठवायचं ना," स्मिता म्हणाली. शुक्रवारपासून तिचा राग उतरला नव्हता. "मी त्या माणसाबरोबर रोज चाय पिते, अक्का. रोज. मला म्हणतो, हॉस्पिटलसाठी कॅलेंडर तू अक्कांचंच ने, बेस्ट आहे. हा त्याचा सल्ला."

"असं म्हणाला?"

"वरती म्हणाला, अक्कांचं कधी चुकत नाही."

पद्मावतीने फ्लॉपी घातली. मशीन घरघरलं. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. काही क्षण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"चुकलं की माझं," पद्मावती म्हणाली. "दाब पुढे. फेब्रुवारीपर्यंत."

स्मिताने दाबलं. एकोणतीस आली. तिने त्यावर क्लिक केलं, तारीख वरच्या चौकटीत जाऊन बसली. तिने पुन्हा एकदा केलं, उगाच.

"सही कुठे?"

"इथे. माझ्या नावाखाली."

वही संपायला अजून पानं होती. पद्मावतीने पेन टोपणात घातलं, खुर्ची सरकवली आणि स्मिताला तिची जागा मोकळी करून दिली.

१२ एप्रिल १९९९ ला सोमवार होता. शुभंकरचं मशीन सकाळीच बंद पडलं, म्हणून पद्मावतीने त्याला आपलं दिलं, ज्यावर त्याने फेब्रुवारीची ती ओळ दुरुस्त केली, आणि स्वतः दिवसभर त्याच्या शेजारी कागदावर नव्या पडद्याचे चौकोन काढत बसली.