दमणारा देव

मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं अंगावरच्या धुळीसकट तशीच आली होती. मधोमध एक चौरंग. त्यावर शेंदराने काढलेला आमच्या चिंचबारी गावाचा नकाशा, आणि नकाशावर बोटभर लांबीच्या पितळी पादुका. चौरंगाभोवती रंगीत दिव्यांची माळ. मागे पावलेबुवा डोळे मिटून बसलेले, मांडीवर भगवी शाल.

"पाऊल एक, पाप अनेक!" बुवा गरजले.

टिक. पादुका गव्हाच्या दाण्याएवढ्या पुढे सरकल्या. बायकांनी हात जोडले.

"पाऊल दोन, दोषी कोण?"

टिक, टिक, टिक. पादुका चावडीवरून गेल्या, ओढा ओलांडून गेल्या, आणि गावाच्या शेवटच्या घरावर थांबल्या. ते घर गोजरबाईचं. गोजरबाई म्हणजे साठीची, एकटी राहणारी विधवा. बहात्तरच्या त्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, फक्त तिच्या विहिरीत हातभर पाणी होतं.

"हिनं पाऊस बांधलाय!" बुवा म्हणाले. "परवाच्या बैठकीत देव शिक्षा सांगंल. आता देव दमला. झाका!"

बुवांचा चेला बन्सी याने लगबगीने चौरंगावर कापड टाकलं आणि भिंतीवरचं विजेचं बटन बंद केलं. पुरती पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

मी खांबाला टेकून उभा होतो. लोक जयजयकार करत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता, पण भक्तीने नव्हे. ती टिकटिक माझ्या ओळखीची होती.

मी सहादेव. राहुरीच्या रस्त्याला माझं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारींना नवी तार भरून द्यायची, हा धंदा. विहिरीच आटल्यावर पंप कोण चालवणार आणि जाळणार? दिवस दिवस कुणी यायचं नाही. बायको राहीबाई जाऊन चार वर्षं झाली होती. हाताला चाळा हवा म्हणून मी पितळेच्या पत्र्यावर अक्षरं कोरणारं एक छोटं यंत्र घरीच जुळवत होतो. त्यासाठी मुंबईच्या भंगारातून दोन स्टेपर मोटारी आणल्या होत्या. ही मोटर गरगर फिरत नाही. विजेचा एक झटका दिला की एक पाऊल टाकते आणि तिथेच घट्ट उभी राहते. टिक. रोज संध्याकाळी माझ्या घरात तेवढाच एक आवाज असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो तर गोजरबाई खडीच्या ढिगापासून लांब, एकटीच उन्हात बसलेली दिसली. हातात हातोडी होती, पण तिला कुठल्याच टोळीने घेतलं नव्हतं. रंगुबाई, जिची तीन बाळंतपणं गोजरबाईनेच केली होती, तिने मला पाहून मान वळवली.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"काय न्हाई रे," ती म्हणाली. "आज माझा दगूड कुनाला चालत न्हाई." मग हळूच विचारलं, "मी खरंच काय केलंय का रं? मला आठवत न्हाई."

तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. ते पाहिल्यावर मला गप्प राहणं जमेना.

मी तडक सरपंच काकासाहेबांच्या घरी गेलो. ते गोठ्यात, शेवटच्या उरलेल्या बैलापुढे उसाची वाढी टाकत होते.

"चौरंगात मोटारी हायेत," मी म्हणालो. "दोन. त्यांच्यावर लोहचुंबक. पादुकांच्या तळाला लोखंड असनार. बुवा शालीखाली बटनं दाबतो."

"पाह्यलंस का आत?"

"न्हाई."

"मग? उद्या मी कापड उचललं आन् आत काय न्हाई निघालं, तर गाव मला जितं ठेवंल का?"

"कापड उचलू नका. उद्या काय हुनार ते मी आजच सांगतो. देव अर्धा तास उभा ऱ्हायला, की त्याला हालता येनार न्हाई. चौरंगातून वास येईल, मग धूर."

काकासाहेबांनी वैरण खाली ठेवली. "हे तुला कसं कळलं?"

मी गोठ्याच्या मातीवर काडीने आकडे काढले. बुवांच्या मोटारी माझ्या मोटारींसारख्याच धरल्या, तर एका मोटारीत तारेच्या दोन गुंडाळ्या, प्रत्येकीला दीड अँपिअर. म्हणजे मोटारीला तीन, दोन मोटारींना सहा. बारा व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे बहात्तर वॉट. घरातल्या विजेचे बारा व्होल्ट करून ती एकाच दिशेने वाहती करायची तर ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या दीडपट ओझं पडतं. म्हणजे शंभराच्या वरचा ट्रान्सफॉर्मर पाहिजे. तो असतो सोललेल्या नारळाएवढा, तीन किलोचा. बुवांच्या चौरंगाची पोकळी चार बोटं. तिथे मावणारा चाळिसाच्या वर असूच शकत नाही.

"मग तो चालतो कसा?"

"थोडा वेळ चालतो. तापायला वेळ लागतो ना. म्हनून देव पंधरा मिन्टांत दमतो."

"आन् उभा ऱ्हायला तर? उभ्या मोटारीला कशाला वीज?"

"हितंच मी फसलो हुतो. पंपाची मोटर थांबली की वीज खात न्हाई. ही उभी ऱ्हाती तीच विजेच्या जोरावर. चालताना जेवढी खाती तेवढीच उभ्या उभ्या खाती. मी रेडिओचा ट्रान्सफॉर्मर लावला, यंत्र नुसतं उभं ठेवून चहा केला, आन् परत येतो तर घरभर धूर."

काकासाहेबांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आन् तसं न्हाई झालं तर?"

"तर मी दुकान बंद करून गाव सोडतो. तसंही मला हितं कोन हाय?"

बोलून गेल्यावर ते वाक्य मलाच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बैठक भरली. गोजरबाईला पुढे आणून बसवलं होतं. तिच्याभोवती हातभर जागा मोकळी होती, एवढ्या गर्दीतसुद्धा. मी भिंतीकडेला विजेच्या बटनाशेजारी बसलो. वाळूची बादली आधीच आणून ठेवली होती.

टिकटिक झाली. पादुका पुन्हा त्याच घरावर थांबल्या. बुवांनी तोंड उघडलं तोच काकासाहेब उठले.

"महाराज, शिक्षा मागाहून. आज देव जाग्यावर उभा हाय तर समद्या गावाला पाया पडू द्या. एकेक जन यील."

गर्दीला ते फार आवडलं. क्षणात रांग लागली. बुवांचा चेहरा पडला.

"देवाला शीण हुतो, सरपंच!"

"देवाला कसला शीण, महाराज? शीण खडी फोडनाऱ्याला हुतो."

लोक हसले. बन्सी बटनाकडे आला. मी म्हणालो, "बटन बंद केलं तर दिव्याची माळबी विझंल. देवापुढचा दिवा विझवतो का?" तो जागीच थबकला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. माणसं वाकत होती, डोकं टेकत होती. एक म्हातारी पाया पडून उठली आणि म्हणाली, "देव गरम लागतोय." बुवा म्हणाले, "कोप हाय तो, कोप!" पण त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चौरंगातून घूं असा आवाज मोठा होत गेला. मग तो वास आला. तारेवरच्या तापलेल्या व्हार्निशचा, गोडसर, घशात बसणारा.

"महाराज," काकासाहेब म्हणाले, "आता देवाला परत मारुतीकडं आना."

शालीखाली बुवांची बोटं हलताना सगळ्यांना दिसली. पादुका जागेवर थरथरल्या. पुन्हा बोटं हलली. काहीच नाही. मग चौरंगाच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर आली.

मी बटन बंद केलं, पुढे गेलो आणि चौरंगाची फळी उचलली. आत दोन मोटारी, दोन लांब आट्याचे दांडे, त्यांच्यावर सरकणारा लोहचुंबक, आणि कोपऱ्यात काळा पडलेला, साबणाच्या वडीएवढा ट्रान्सफॉर्मर. तिथून एक वायर सतरंजीखालून बुवांच्या मांडीपर्यंत गेली होती. तिच्या टोकाला चार बटनं. गावात आल्यावर पहिले तीन दिवस बन्सी प्रत्येक पारावर बसून कुणाच्या विहिरीला पाणी आहे हे विचारत होता, ते आता लोकांना आठवलं.

"हे काल सकाळी सहादेवानं मला गोठ्यात सांगितलं हुतं," काकासाहेब सगळ्यांना म्हणाले. "वास, धूर, समदं. देवानं न्हाई, हिशोबानं सांगितलं."

मग एकच गलका झाला. बुवांना आणि बन्सीला चावडीत नेऊन बसवलं, पोलीसपाटलाने राहुरीला माणूस पाठवला. लोकांनी मला गराडा घातला. मोटर कशी चालते, चुंबक केवढा, ट्रान्सफॉर्मरला किती तार लागते, सगळ्यांना सगळं कळायला हवं होतं. मी प्रत्येक गोष्ट दोन दोनदा सांगितली. चार वर्षांत मी एवढं बोललो नव्हतो.

सांगून झालं तेव्हा मंडप रिकामा होत आला होता. गोजरबाई कुठेच नव्हती. ती कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नव्हतं.

मी ओढा ओलांडून तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती.

"मावशी, सुटलात. खोटा निघाला तो."

"व्हय, ऐकलं. समदी मानसं याच वाटंनं घरी गेली. त्येंच्यात रंगीबी हुती. कुनी थांबलं न्हाई."

"लाजत्यात. येतील."

"लाजत असतील," ती म्हणाली. "पन मी तीन दिस वाट बघितली रं, कुनीतरी यील आन् म्हनंल, गोजरे, तू कशाला पाऊस बांधशील." तिने पदराने तोंड पुसलं. "बस. पानी देते."

तिने कळशीतून तांब्या भरला. मी प्यालो. मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्यावरच बसलो.

हे सगळं मी लिहून ठेवतो आहे, कारण गावोगावी असे चौरंग आहेत. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा एवढंच विचारा: हे किती वेळ चालतं? लगेच का थांबतं? झाकून काय ठेवलंय? विचारल्याने खरा देव रागावणार नाही, आणि रागावला तर तो कुणाच्या तरी शालीखालच्या बटनावर चालतो असं खुशाल समजा. फळी उचलून बघा. आणि बघून झालं की नुसते घरी जाऊ नका. ज्या बाईकडे त्या पादुकांनी बोट दाखवलं होतं, तिच्या दारात जा, आणि आपलं चुकलं असं तिला तोंडाने सांगा.