पहिल्या शिकारीचा पहिला घास

आमच्या ह्यांना जावई हवा होता शिकारी, आणि लेकीने पसंत केला स्वयंपाकी. मलिक विमानतळाच्या खानावळीत सूप ढवळायचा. ते कळल्यापासून ह्यांच्या, म्हणजे एनोकच्या, कपाळावरची आठी उतरली नव्हती. शेवटी त्यांनी अट घातली: आधी एक कस्तुरीबैल मारून दाखव, मग बिबियानेचं नाव काढ.

अट घातली ती नेमकी सप्टेंबरात. या दिवसांत माजावर आलेले नर डोंगरात धावत येऊन एकमेकांना टकरा देतात आणि स्वतःच्याच मुताने बरबटलेले असतात. त्यांचं मांस आमची कुत्रीसुद्धा नाइलाजाने खातात. शहाणा माणूस आता मादी मारतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण मलिक वाढला राजधानीत, नूक शहरात. त्याला कोण सांगणार? एनोक तर मुळीच नाही. पोराने नर मारावा, गावात छी थू व्हावी आणि बिबियानेचे डोळे उघडावेत, हाच तर त्यांचा बेत. निघताना ते शीळ घालत होते. तेव्हाच मी ओळखलं.

डोंगरावर दोन नर टकरा घेत होते. मलिकने विचारलं, काका, कुठला मारू? एनोक म्हणाले, थोरला बघ. पोराने एका गोळीत लोळवला. मग सोलायचं, तोडायचं, पाठीवरून खाली आणायचं, सगळं त्यानेच केलं. हे वारा पाठीशी घेऊन लांब उभे राहिले.

पण दुसऱ्यासाठी खड्डा खणणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पहिली शिकार मारणाऱ्याने खायची नसते, गावाला वाटायची असते. कॉफी-केक मांडून सगळ्यांना बोलवायचं, आणि पहिला घास सर्वांदेखत घ्यायचा तो शिकारीला नेणाऱ्या वडीलधाऱ्याने. एनोक हे विसरले होते. मी विसरले नव्हते. मी सर्वांत मोठं पातेलं काढलं आणि मलिकला एक शब्द पढवून ठेवला.

सगळ्या खिडक्या उघड्या असूनही घरात बसवेना. पाहुणे कॉफीच्या कपात नाक खुपसून बसले होते. म्हातारी मार्टा तेवढी बोलली.

"एनोक, जनावर कुणी रे निवडलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केक कापत होते. पोराचं नाव घ्यावं, तर पंचक्रोशीतला पट्टीचा शिकारी शेजारी उभा राहून काय करत होता, असं गाव विचारणार. ह्यांनी घास तोंडात घातला. चावला, चावतच राहिले. डोळ्यांत पाणी आलं.

"मी निवडलं," ते म्हणाले. "चांगलं आहे."

आता सगळ्यांसमोर शिकार चांगली म्हटल्यावर शिकारी वाईट कसा म्हणणार? बिबियाने दारात उभी होती. आजवर काका काका करणारा मलिक पातेलं घेऊन त्यांच्यापुढे वाकला.

"अजून वाढू, बाबा?"

एनोकनी पातेल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"वाढ," ते म्हणाले.