मानाची जोडी आणि मेंबरचा हाळ

भिला मेंबर झाला आणि माझ्या तोंडची चव गेली. खोटं कशाला बोलू? भिला माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मुन्शीपालटीच्या निवडणुकीला आम्ही दोघंही उभे होतो. मी अकरा मतांनी पडलो. निकालाच्या दिवशी तो पाया पडायला घरी आला, तर मी गोठ्यात जाऊन बसलो.

म्हटलं, हा काय दिवे लावणार! तर मेल्यानं महिन्याभरात कोपऱ्यावर खरोखरच कंदील लावला. मग वाटेतला उकिरडा हलवला. बायका त्याचं नाव घेऊन हसायच्या, आणि मी घास टाकून उठायचो. पण उन्हाळ्याच्या तोंडी त्यानं वेशीजवळच्या विहिरीला लागून गुरांना पाणी प्यायला दगडी हाळ बांधायला काढला, तेव्हा मात्र मला राहवेना. मी मुद्दाम वाहिद मिस्त्रीकडं गेलो. म्हटलं, चुन्यात काही खोट निघते का बघू.

वाहिद म्हणाला, "नथ्थूभो, इतलं पक्कं काम मी आजलगून करं नही. मेंबर सोता दगडं उचली ऱ्हायना!"

मी आल्या पावली परत फिरलो. त्याच दिवशी घरात सांगून टाकलं की, भिलाच्या हाळाला माझे बैल तोंड लावणार नाहीत. आपली नदी बरी.

नदी अर्धा कोस लांब. उन्हाळ्यात पात्रात नुसते गोटे, मधूनच एखादं डबकं. सगळं गाव हाळावर गुरं पाजायचं आणि मी माझी जोडी घेऊन सगळ्यांच्या समोरून नदीला जायचो. गजराबाई, माझी बायको, रोज भांडायची.

"राग तुम्हले शे, बैलेसले नही. त्या मुका जीवेसना पाय काबर तोडतस?"

"तू चूप बठ!"

नंतर नंतर ती खरंच गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो. फक्त एक गोष्ट मला कळेना. संध्याकाळी नदीवर नेलं तर बैल पाण्याला तोंडच लावीनात. मी म्हणायचो, पाणी गढूळ असेल.

पावसाळा लागला तरी माझा हट्ट सुटला नाही. असा पोळा आला. आमच्या गावात वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी निघते ती आमच्या थोरल्या घराची. चार पिढ्यांचा मान. आमची जोडी गेली की मग पोळा फुटतो आणि बाकीचे बैल धावत सुटतात. यंदा मात्र बाजारात कुजबूज होती की, मेंबरनं एवढी कामं केली, तर मान त्यालाच द्यावा. ते ऐकल्यापासून मला झोप नव्हती. भिलाकडं नाही आणि माझ्याकडं आहे, असं एवढं एकच उरलं होतं.

मी बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, नवी झूल घातली. वाजंत्री पुढं, मग मी, आणि माझ्या मागं भिलाची जोडी. तोरण वीस पावलांवर आलं. आणि काय झालं, माझे दोन्ही बैल एकदम डावीकडं वळले. मी कासरा ओढला, ओरडलो, पण ते मला ओढत थेट हाळावर गेले. माना घातल्या आणि पाणी प्यायला लागले.

सगळी वेस हसली. हाळ भरायला ठेवलेला फुलसिंग तिथंच उभा होता. तो भाबडेपणानं म्हणाला, "यास्ले वाट पाठ शे. वयनी रोज दुपारले लई येस ना यास्ले!"

म्हणजे दुपारी मी जेवून आडवा झालो की हे चालायचं! धरणी फाटती तर मी आत गेलो असतो.

मागून लोक ओरडले, "मेंबर, तुम्हनी जोडी पुढे काढा, उशीर व्हई ऱ्हायना!"

तोरण भिलाच्या समोर मोकळं होतं. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, जा रे, जा एकदाचा.

भिलानं आपल्या बैलांचा कासरा आखडला. "काबर? मान दादाना शे. बैल पानी पी ऱ्हायनात, पेऊ द्या. पोळा काय पळी जाई ऱ्हायना का?"

अख्खं गाव थांबलं. वाजंत्रीसुद्धा थांबली. माझे बैल पोटभर प्याले, सावकाश वळले आणि तोरणाखालून पहिले गेले. नारळ फुटला, पोळा फुटला. बापजाद्यांकडून आलेला मान यंदा मला भिलानं दिला, हे सगळ्यांनी पाहिलं.

घरी गजराबाई बैलांना पुरणपोळी चारत होती.

"कधीपासून लई जास तू?" मी विचारलं.

"हाळ भरा त्या पहिला दिनपाईन," ती म्हणाली, आणि पुढचा घास बैलाच्या तोंडात दिला.

आता बैलांना हाळावर मीच नेतो. भिला दिसला की अजून तोंड फिरवतो. त्या दिवशी तो पुढं निघून गेला असता, तर मी जन्मभर सुखानं त्याच्यावर जळलो असतो. पुढच्या निवडणुकीला मत त्यालाच द्यावं लागणार आहे, आणि ते मला आत्तापासून सलतंय.