सात जून

क्रैनाने शेजारच्या नेलच्या संडासाची कडी लावली, काठी भिंतीला टेकवली आणि बसल्याबरोबर समोरच्या कॅलेंडरवर डोळे लावले. वाढदिवसांचं कॅलेंडर गावात घरोघरी तिथेच टांगलेलं असतं. रोज समोर आलं म्हणजे कोणी विसरलं जात नाही. नेलचं मात्र फुलाफुलांचं, आणि अक्षर छापल्यासारखं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं की अक्षराला असं वळण येतं. नाकही जरा वर चढतं.

जूनचं पान उघडं होतं. दोन तारखेला नेल स्वतः. सात तारीख कोरी.

क्रैनाने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कोरी ती कोरीच. 'आमचा हार्लन, आमचा हार्लन' करत गावभर मिरवणाऱ्या बाईला त्याचा वाढदिवससुद्धा ठाऊक नव्हता! चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांतली कळ क्षणभर थांबली. सहज म्हणून तिने पान उलटलं, तर जुलैच्या सहा तारखेला त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: हार्लन.

चक्क एक महिना चुकली होती मास्तरीण.

हार्लन क्रैनाचा होता. चाळीस वर्षांपूर्वी तो चोवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा भिजून चिंब, सायकल ढकलत तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा नेल या गावात आलीसुद्धा नव्हती. क्रैनाने त्याला वाटाण्याचं सूप वाढलं, माळ्यावरची खोली दिली, आणि त्याला या देशाचा नाद लागला तो लागलाच. पहिल्या वर्षी महिनाभर राहिला. तेव्हापासून दर जूनला येतो. समुद्राच्या बांधावर वाऱ्याशी झुंजत सायकल हाकतो, बिनपडद्यांच्या खिडक्यांतून लोकांना हात करतो, कोणी तोंडावर फटकळ बोललं की खूश होतो. बोली त्याने क्रैनाच्याच तोंडून उचलली, इतकी अस्सल, की ॲमस्टरडॅमच्या दुकानात त्याला विचारलं, "इंग्रजीत सांगता का?" हे क्रैना अजून सांगते. त्याची एकच खोड. वय विचारलं की 'जवळजवळ चाळीस', 'जवळजवळ पन्नास'. वय चोरतो मेला, म्हणून ती हसायची.

अलीकडे मात्र त्याच्या बोलण्यात नेलचे गुळगुळीत शब्द येऊ लागले होते. गेल्या वर्षी तो तीनदा तिच्याकडे कॉफीला गेला. क्रैनाने खिडकीतून बघितलं होतं.

बाहेर बैठकीत नेलच्या वाढदिवसासाठी खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर बशी, बशीत केकचा एकेक तुकडा. क्रैना बसलीच नाही.

"नेल, शाळेत पोरांच्या चुका काढायचीस ना? तुझ्या संडासात एक राहिलीय बघ."

"कसली गं?"

"हार्लनचा वाढदिवस येत्या शनिवारी आहे. सात जून. तू त्याला जुलैत टांगलायस."

गोलात कोणीतरी फिसकन हसलं. नेलच्या नवऱ्याने, मारिनुसने, बशीतून मान वर केली. "पण क्रैना, त्याचा तर..."

नेलने त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. या घरात दुसरा तुकडा कोणाला मिळाल्याचं गावाने आजवर पाहिलं नव्हतं.

"असेल बाई," नेल म्हणाली. "चुकलं असेल माझं."

"असेल काय? आहेच."

"आहेच," म्हणत नेल कॉफी आणायला आत वळली.

जिंकून घरी येताना क्रैनाच्या तोंडाची चव मात्र गेली. कुंपणाच्या वीतभर जागेसाठी जी बाई अकरा वर्षं भांडली, ती एका वाक्यात हरली?

कोट न काढताच तिने कपाटाच्या तळातली पाहुण्यांची वही ओढून काढली. पुराच्या साली तिची शाळा सुटली ती कायमची. वाचन कसंबसं, पण आकड्यांना ती कधी घाबरली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीचं पान सापडलं. हार्लनच्याच हातचं: जन्म ७/६. यावरूनच तर तिने कॅलेंडरमध्ये सात जून उतरवला होता. वही मिटणार तोच तिचं बोट खालच्या ओळीवर घसरलं. आगमन ५/३०.

तिने बोट तिथेच दाबून धरलं. पाच तारीख, आणि महिना तिसावा?

महिना तो अमेरिकन रीतीने आधी लिहीत होता. मग तारीख. म्हणजे सहा जुलै.

त्या वर्षीच्या सात जूनला तिने त्याच्यासाठी बोलस केले होते. काळ्या साखरेत आणि दालचिनीत घोळवलेला, गोगलगायीसारखा वळलेला पाव. एकात मेणबत्ती खोचलेली. पोराने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बोलसकडे बघितलं, तिच्या पिठाच्या हातांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. पुढे पन्नाशीला तिने रिवाजाप्रमाणे अंगणात गवताचा म्हातारा बसवला, तेव्हाही सगळ्या गावाशी हात मिळवत तो त्या म्हाताऱ्याशेजारी उभा राहिला. सात जूनला.

आणि हे नेलला ठाऊक होतं. त्याने खरी तारीख नेलला सांगितली होती. वर भरल्या घरात त्या बाईने आपल्यावर दया केली!

खोडरबर घेऊन ती स्वतःच्या संडासात गेली. सात तारखेवरचं पेन्सिलीतलं नाव फिकट झालं होतं, एका फटक्यात गेलं असतं. तिने रबर टेकवलं. जुलैतली सहा तारीख काय, त्याचा पासपोर्ट बघितलेल्या कोणाचीही. टपालखात्याचीसुद्धा. सात जून मात्र एकट्या क्रैनाचा.

तिने रबर खिशात टाकलं आणि स्वयंपाकघरातून शाईचं पेन आणलं.

आदल्या रात्री येऊन उतरलेला हार्लन शनिवारी सकाळी संडासातून बाहेर आला तो हात पुसतच.

"मावशी, माझं नाव गडद झालंय."

"पेन्सिल पुसट होते. बस."

बोलस ओव्हनमधून नुकतेच निघाले होते. तिने एकात मेणबत्ती खोचली, पेटवली. त्याने फुंकर मारली. "अभिनंदन," ती म्हणाली. "आभारी आहे, मावशी," तो म्हणाला, आणि बोलस उचलला. आता दरवर्षीचा वयाचा प्रश्न यायचा होता. तिने तो विचारला नाही.

"जवळजवळ पासष्ट," ती म्हणाली. "बरोबर ना?"

हार्लनचा हात तोंडाशी थांबला. बोटावरून साखरेचा पाक टेबलावर ओघळला, तरी त्याने तो पुसला नाही. बाहेर कुंपणापलीकडे नेल चादरी वाळत घालत होती. तिची मान याच खिडकीकडे होती. त्याची नजर तिकडे गेली आणि परत आली.

"बरोबर," तो म्हणाला.

"मग तिकडे काय बघतोस? तिच्या वाट्याला जुलै आहे." क्रैनाने दुसरा बोलस त्याच्या बशीत ठेवला. "खा. गार झाला की दाताला चिकटतो."