पदराला धरलेला शब्द

माझी नात दामिनी न्यूझीलंडहून येणार असं कळलं, त्या दिवसापासून मला झोप लागत नव्हती. पोर सहा वर्षांची. बाप नागपूरचा, आई उमरेडची, आणि लेकीला मराठी येत नाही. शिंकते तीसुद्धा इंग्रजीत. सुनेला, म्हणजे भावनाला, मी फोनवर विचारलंच होतं, "काय वं, तिथं मराठी बोलाले टॅक्स लागते का?" ती हसली नाही.

मी शाळेत गेले तिसरीपर्यंत. पण हिशेबात मला कोणी फसवलं नाही आणि बोलण्यात कोणी हरवलं नाही. आता सहा वर्षांच्या पोरीसमोर मुकी होऊन बसणार होते. म्हणून मोठ्या लेकाच्या पोरीला, अपेक्षाला, धरलं. ती कॉलेजात जाते.

"मले कामापुरतं इंग्रजी शिकव," म्हटलं.

अपेक्षानं सांगितलं, "आजी, इंग्रजीत पुष्कळ शब्द एकटे घराबाहेर पडत नाहीत. मागं एक बारका शब्द पदराले धरून असते. लुक म्हणजे पाहणं. मागं ॲट आला, तर एखाद्याकडं पाहणं. फॉर आला, तर शोधणं. आफ्टर आला, तर सांभाळणं."

"माय एकच, अन् पोर बदललं की मायचं कामच बदललं? असं काहून?"

"त्यात काहून राहत नाही, आजी. पाठ कर."

केलं पाठ. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, लिसन टू मी. दूध उतू जायला लागलं की म्हणायची, वेट फॉर मी. दूध काही थांबलं नाही. अपेक्षा हसायची, मी म्हणायची, "डोन्ट लाफ ॲट मी," आणि ती आणखीच हसायची.

दामिनी आली. गोरीपान, गप्प, पिवळ्या फ्रॉकमधली. मी काही बोलले की माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायची. मला वाटलं, माझं इंग्रजी तिला कळत नाही. लाज वाटली, पण लाज मी कुणाला दिसू देत नाही.

एकदा दूधवाल्यानं तिला नाव विचारलं, तर ती माझ्या मागं लपली आणि पुटपुटली, "आय डोन्ट टॉक टू स्ट्रेंजर्स." भावना म्हणाली, "आम्हीच शिकवलं, आई. अनोळखी माणसाशी बोलाचं नाही, त्यानं बोलावलं तर जाचं नाही."

मग उमरेडला भावनाच्या काकांची तेरवी आली. तिथं पोरीला नेणं बरं नाही, म्हणून तिला माझ्याजवळ ठेवायचं ठरलं. जितेंद्र, माझा लेक, गाडीत बसला. भावना मात्र दारातून तीनदा परत आली. "आई, तिले बाहेर नेऊ नका बरं. घरीच ठेवा."

माझ्याच गावात मला कोणी सांगावं! ते दोघे गेले, आणि मी पोरीचा हात धरून थेट इतवारीच्या बाजारात गेले. कल्हईला टाकलेली भांडी आणायची होती. खरं सांगायचं तर, आजीला बाजारात किती मान आहे, ते नातीला दाखवायचं होतं.

इतवारीत आमची एक रीत आहे. गल्लीत हातठेले, टेम्पो, पाय ठेवायला जागा नाही. अशा वेळी लेकरू ओळखीच्या दुकानदाराच्या गादीवर बसवायचं आणि आपलं काम करून यायचं. जितेंद्र अनंतभाऊच्या गादीवर झोपून मोठा झाला. त्याचं भांड्यांचं दुकान. पुढं पांढरी गादी, मागं लग्नाच्या जेवणावळीचे मोठमोठे पितळी गंज, एकात माणूस बसेल एवढे, छतापर्यंत रचलेले.

"अनंता, नातीकडे लक्ष ठेव गा. आलीच."

"बसू द्या, रुखमाबाई. आपलंच दुकान."

मी दामिनीला म्हटलं, "वेट फॉर मी." तिनं नुसतं पाहिलं.

कल्हईवाल्याशी थोडी हुज्जत झाली. परत आले, तर गादी रिकामी.

"पोर कुठं गा?"

अनंतभाऊनं गिऱ्हाइकावरून मान वर केली. "इथंच तर होती. मी पेढा द्याले गेलो, तर सरकून बसली. मले वाटलं, तुमच्याच मागं आली."

माझ्या हातातली भांडी खाली पडली. त्यांचा आवाज मला ऐकूच आला नाही.

गल्ली तीच, पण आता ती मला ओळखत नव्हती. डावीकडे सराफा, उजवीकडे धान्याची पोती, समोर एक टेम्पो मागं सरकत येत होता. मी त्याच्या चाकांखाली वाकून पाहिलं. नालीत पाहिलं. एक पिवळा फ्रॉक दिसला, धावले, खांदा धरून वळवलं, तर दुसऱ्याच कुणाची लेक भोकाड पसरून रडायला लागली. तिची आई माझ्यावर खेकसली आणि मी तिला उलट बोलले नाही.

धोंडबा हातठेला ओढतो, पुष्कळ वर्षांचा ओळखीचा. माझं ऐकून त्यानं ठेला तिथंच टाकला आणि ओरडला, "पिवळ्या फ्रॉकची पोरगी हरवली! दामिनी नाव!" ठेलेवाल्यांची पद्धत अशी, की पुढं गल्ली अडली की एकाची हाक दुसरा उचलतो, तिसरा पुढं नेतो. तसंच झालं. सगळी इतवारी माझ्या नातीचं नाव ओरडायला लागली. "ए दामिनी! ए बेटा!" जाडे आवाज, चिरके आवाज. वाटलं, आता सापडेल.

नाही सापडली.

फोन वाजला. भावना. मी तो हातात धरून उभी राहिले. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. काय सांगू? तुझी पोर मी गादीवर ठेवून गेले? ती पुन्हा कधी या घरात लेकरू पाठवेल? आणि पाठवायला लेकरू तर हवं.

मी अनंतभाऊच्या पायरीवर बसले. तो म्हणाला, "रुखमाबाई, आता पोलिसाले सांगू."

बाहेर पुन्हा कोणी तरी जोरात हाक दिली, "दामिनीऽऽ!" आणि मला एकदम दूधवाला आठवला. माझ्यामागं लपलेली पोर आठवली. सगळा बाजार तिला बोलावत होता आणि त्यात तिच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. जितकं ओरडू, तितकी ती लपेल.

"धोंडबा! बंद करा ते बोंबलणं! सगळ्याइले सांग!"

आता गप्प बसण्याची हाक पुढं गेली. ठेले थांबले. इतवारी भरदुपारी अशी शांत मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली. शांततेतूनही पोरीचा आवाज आला नाही तर मग काय उरतं?

ज्या बाजारात माझं एक अक्षर कधी चुकलं नाही, तिथं मी उभी राहिले आणि ओरडले, "दामिनी! आजी इज लुकिंग फॉर यू! लिसन टू मी! कम टू मी!"

कोणी तरी खी खी केलं. "रुखमाबाई इंग्रजी झाडून राहिल्या!"

"हास, पण तोंड दाबून हास, मेल्या! आवाज करशील तर तुहे दात अनंताच्या गंजात टाकीन!"

मागं कुठं तरी पितळ वाजलं.

अगदी हलकं. मी अनंतभाऊकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. आम्ही दोघंही गादीच्या मागं वळलो. भिंतीजवळ एक गंज आडवा ठेवलेला होता. त्याच्या पोटात पिवळं काही तरी हललं.

ती रांगत बाहेर आली. तोंड धुळीनं काळं, गालांवर ओघळ. अनोळखी माणूस पेढा द्यायला आला तशी ती गंजात शिरली, गल्लीनं तिच्या नावानं बोंब मारली तशी आणखी आत सरकली होती, पण दुकानाबाहेर एक पाऊल गेली नव्हती. माझ्या पोटावर दोन्ही मुठी मारत रडली, "यू सेड वेट फॉर मी! आय वेटेड फॉर यू!"

माझा शब्द तिला कळला होता. पहिल्या दिवसापासून कळत होता. तो कळला असेल असा भरवसा मलाच नव्हता, म्हणून सगळी इतवारी पालथी घातली आणि जिथं थांबायला सांगितलं, तिथं मात्र पाहिलं नाही.

"सॉरी," मी म्हटलं. या शब्दाच्या मागं काय लावायचं असतं, ते अपेक्षानं शिकवलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मी हिरवं बटण दाबलं.

"आई, फोन काहून उचलून नाही राहिल्या? दामिनी कुठं आहे?"

"माह्याजवळ आहे." त्या वेळी खोटं बोलणं सोपं होतं, मी काय बोलते ते पोरीला कळलं नसतं. "बाहेर घेऊन आली मी तिले. तू नको म्हटलं होतं, तरी आणली. हरवली होती वं, भावना. आता सापडली."

मी तिच्या बोलण्याची वाट पाहत उभी राहिले. माझ्या पदराचं टोक दामिनीनं मुठीत इतकं घट्ट आवळलं होतं की खांद्यावरची पिन निसटली. मी ती लावली नाही.